राणे नेमके किती? कॅल्कमधला शोध नीट लावताना

वर्धापनदिनाच्या आधीच्या आठवड्यात अध्यक्ष माझ्या टेबलापाशी आले. नव्या कपाटाची देणगी एका राणे कुटुंबाकडून आली होती, त्यामुळे त्यांच्या मनात काहीतरी घाटत होतं. म्हणाले, "बाई, आपल्याकडे राणे किती आसत? सगळ्यांका आमंत्रण जाऊक होया."

मी सभासदांची फाइल उघडली, शोधाच्या खिडकीत 'राणे' टाकलं आणि 'फाइंड ऑल' दाबलं. ६३ आले. त्याच फाइलमध्ये वार्षिक अहवालासाठी मी आडनावांची मोजणी करणारं एक सूत्र लावून ठेवलं आहे, तिथे राणे ३८ होते. आमच्या मदतनीस मुलाने कपाटातलं सभासद रजिस्टर काढलं आणि बोटाने मोजून सांगितलं, ४१.

एक आडनाव, एक फाइल आणि तीन उत्तरं. अध्यक्ष चहा संपेपर्यंत थांबले आणि "सांगा मगे" म्हणून गेले.

मी सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावी ग्रंथपाल आहे. वाचनालय ब वर्गाचं आहे, पुस्तकं साडेअकरा हजारांच्या आसपास आणि सगळा हिशोब लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये (एक्सेलसारखंच ते), कारण ते फुकट मिळतं. संगणक शिकलेली नाही, करत करत आलं तेवढंच. पण त्या तीन आकड्यांनी मला कॅल्कच्या शोधाची एकेक खूण, म्हणजे टिक करायची चौकट, उघडून बघायला लावली. तुमच्याकडेही मराठी नावांची यादी असेल, सोसायटीची, पतसंस्थेची नाहीतर शाळेची, तर यातलं बरंचसं तुमच्याही कामाचं आहे.

कॅल्कमध्ये शोधाच्या दोन जागा आहेत आणि दोघींच्या खुणा वेगळ्या आहेत, हे आधी पक्कं करून घ्या. एक खिडकी आपण हाताने शोधतो तेव्हाची, ती कंट्रोल आणि एच दाबून उघडते. कंट्रोल एफ दाबलं तर नुसती पट्टी येते. घाईच्या वेळी ती ठीक, पण तिथे खुणा फारशा दिसत नाहीत, म्हणून मी कायम कंट्रोल एच वापरते, बदलायचं काही नसलं तरी. दुसरी जागा मेनूत खोल दडलेली आहे. टूल्स, ऑप्शन्स, मग डावीकडच्या झाडात लिबरऑफिस कॅल्क, त्याखाली कॅल्क्युलेट. काउंटइफ (मोजणारं, माझं आडनावांचं तेच), समइफ (बेरजेचं), व्हीलुकअप (यादीतून शोधून आणणारं) यांसारखी सूत्रं शोधताना तिथल्या खुणा पाळतात. एका जागी केलेला बदल दुसरीला कळत नाही. माझे ६३ पहिल्या जागेचे होते आणि ३८ दुसरीचे.

आधी ६३.

कंट्रोल एचच्या खिडकीत 'एंटायर सेल्स' नावाची खूण आहे. ती नसेल तर टाकलेली अक्षरं सेलमध्ये कुठेही सापडली तरी कॅल्क 'मिळालं' म्हणतं. 'फाइंड ऑल'नंतर जी यादी येते तिच्यात शीट, सेल आणि मजकूर असे रकाने असतात. ती यादी वाचायची सवय मला नव्हती, मी फक्त आकडा बघायचे. त्या दिवशी वाचली. ४१ राणे होतेच. पण ९ 'पुराणे' होते, कारण पुराणेमध्ये राणे पूर्ण बसतो. आणि १३ जणांच्या पत्त्यात 'राणेवाडी' होती. त्या तेरांत तर परब होते, सावंत होते, एक गोसावीही होते.

उपाय दोन, आणि दोन्ही एकत्र करायचे. आडनावाच्या कॉलमच्या माथ्यावर क्लिक करून अख्खा कॉलम निवडा, मग कंट्रोल एच, 'अदर ऑप्शन्स' उघडा आणि 'करंट सिलेक्शन ओन्ली' वर खूण आहे ना ते बघा. यामुळे पत्ते बाजूला पडतात. मग 'एंटायर सेल्स' लावा, पुराणे बाजूला पडतात. आडनाव आणि नाव तुम्ही एकाच कॉलममध्ये ठेवलं असेल तर मात्र ही दुसरी खूण काही कामाची नाही, कारण 'राणे' एवढाच मजकूर कुठल्याच सेलमध्ये नसणार. मी पहिल्या वर्षी तसंच ठेवलं होतं. नंतर दोन कॉलम करायला पावसाळ्याचे दोन आठवडे गेले.

हे सगळं लावून पुन्हा शोधलं तर आले ३८. म्हणजे सूत्राचा आकडा. आता रजिस्टरमधले तीन राणे गेले कुठे?

ते तिघेही ऑनलाइन अर्जातून आलेले सभासद निघाले. मोबाइलवर मराठी लिहिताना वर सुचवलेला शब्द बोटाने टिपला की कीबोर्ड पुढे एक मोकळी जागा आपणहून टाकतो. त्यांनी 'राणे' टिपलं, पुढची रिकामी जागा तशीच राहिली आणि तशीच माझ्या फाइलमध्ये उतरली. डोळ्यांना काही दिसत नाही. पण 'एंटायर सेल्स'च्या हिशोबी 'राणे' आणि 'राणे अधिक एक जागा' ही दोन वेगळी माणसं.

शेपटीच्या या जागा काढायला मी रेग्युलर एक्स्प्रेशन्स, म्हणजे चिन्हांतून नमुना सांगून शोधायची रीत, वापरते. नावाला घाबरू नका, इथे लागणारा मंत्र तीन चिन्हांचा आहे. कॉलम निवडा, कंट्रोल एच, 'रेग्युलर एक्स्प्रेशन्स' वर खूण करा, 'एंटायर सेल्स' काढून टाका. शोधायच्या रकान्यात आधी स्पेसबार एकदा दाबा, मग + आणि मग $ लिहा. + म्हणजे ती जागा एक किंवा जास्त वेळा, $ म्हणजे सेलचा शेवट. बदलायचा रकाना रिकामा सोडा. सुरुवातीच्या जागांसाठी ^ चिन्ह, मग स्पेस, मग +. 'एंटायर सेल्स' काढायला विसरलात तर काहीच सापडणार नाही, कारण मग कॅल्क अख्खा सेल जागांनीच भरलेला असेल अशा सेलच्या शोधात निघतं. मी विसरले होते. अर्धा तास मंत्रालाच दोष देत बसले.

सूत्राने करायचं असेल तर जादा जागा छाटणारं ट्रिम आहेच. शेजारच्या कॉलममध्ये ट्रिम लावा, खाली ओढा, कॉपी करा आणि मूळ कॉलमवर पेस्ट स्पेशलने फक्त व्हॅल्यूज चिकटवा.

जागा काढल्यावर दोन्हीकडे ४१ आले. अध्यक्षांना फोन करून सांगितलं. पण तोवर माझं डोकं चालू झालं होतं.

कॅल्क्युलेटच्या पानावर पहिली नजर टाकायची ती 'सर्च क्रायटेरिया इक्वल टू अँड नॉट इक्वल टू मस्ट अप्लाय टू होल सेल्स' या लांबलचक ओळीवर. खूण असली की काउंटइफमधला 'राणे' अख्ख्या सेलशी जुळवला जातो. खूण काढली की सेलमध्ये कुठेही राणे दिसला तरी तो मोजतो, पुराण्यांसकट. नव्या फाइलमध्ये ती लावलेली असते आणि लावलेलीच राहू द्या.

त्याच पानावर तीन पर्यायांतून एकच निवडायचा असतो: सूत्रांत वाइल्डकार्ड चालू, रेग्युलर एक्स्प्रेशन्स चालू, नाहीतर दोन्ही बंद. वाइल्डकार्ड म्हणजे * आणि ?. तारा कितीही अक्षरांसाठी, प्रश्नचिन्ह नेमक्या एका अक्षरासाठी. ही सोय कॅल्कच्या सूत्रांत ५.२ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून आली. एक्सेलवाल्यांच्या फाइली जशाच्या तशा चालाव्यात हा त्यामागचा हेतू, म्हणून तुमची फाइल कोषाध्यक्षांच्या एक्सेलकडे येत-जात असेल तर हाच पर्याय ठेवा.

आणि ही गोष्ट मला फार उशिरा कळली: या पानावरच्या खुणा फाइलीबरोबर जातात. म्हणजे एकाच संगणकावर दोन फाइली उघड्या असतील तर एकीत वाइल्डकार्ड चालू आणि दुसरीत रेग्युलर एक्स्प्रेशन्स चालू असं असू शकतं. आमची पुस्तकांची फाइल जुनी, सभासदांची नवी. पुस्तकांच्या फाइलमध्ये शीर्षकावरून दाखल क्रमांक काढणारं व्हीलुकअप ज्या शीर्षकांत कंस होते तेवढ्यांवरच अडायचं. 'कथासंग्रह (दोन)' असं शीर्षक समोर दिसतंय आणि सूत्र म्हणतंय, नाही. त्या फाइलमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन्स चालू होती. त्यांच्या भाषेत कंस हे गट बांधायचं चिन्ह, अक्षर नव्हे. त्यामुळे कॅल्क 'कथासंग्रह दोन' शोधत होतं. टिंबाचंही तसंच, 'डॉ.' मधलं टिंब म्हणजे त्यांच्या लेखी कुठलंही एक अक्षर. पर्याय बदलून वाइल्डकार्डवर आणला, फाइल सेव्ह केली, शीर्षकं सापडायला लागली.

वाइल्डकार्डही गरीब नाही बरं का. आधीच्या ग्रंथपालांनी गहाळ पुस्तकांच्या शीर्षकापुढे * अशी खूण करून ठेवली होती. ती काढायची म्हणून कंट्रोल एचच्या खिडकीत 'वाइल्डकार्ड्स' वर खूण असताना तुम्ही * शोधून 'रिप्लेस ऑल' दाबलंत, तर * म्हणजे सगळंच, आणि शीर्षकं पुसली जातील. खराखुरा तारा हवा असेल तर त्याच्या आधी ~ लावायचं, म्हणजे ~* असं. एक्सेलमध्येही हेच, आणि तिथे तर वाइल्डकार्ड बंद करायची खूण शोधाच्या खिडकीत नाहीच. हात घसरलाच तर कंट्रोल झेड एका फटक्यात सगळं परत आणतं.

फाइल बंद करून दुसऱ्या दिवशी उघडली तर मात्र नाही. हे मला कसं ठाऊक, तेही सांगते.

तीन वर्षांपूर्वी आम्ही मासिक वर्गणी ५० वरून ६० केली. मी सभासदांच्या शीटवर उभी राहिले, 50 च्या जागी 60 टाकलं आणि 'रिप्लेस ऑल' दाबलं. कॉलम निवडला नव्हता. 'एंटायर सेल्स' लावलं नव्हतं. कॅल्कने किती जागी बदल केले तो आकडा दाखवला. आमचे सभासद तेव्हा जेमतेम चारशे आणि बदल सातशेच्या वर. तो आकडा मी वाचला आणि 'झालं बाई एकदाचं' म्हणून फाइल सेव्ह करून घरी गेले. सातशे कसे, हा प्रश्न संध्याकाळच्या एस्‌टीतही पडला नाही.

चौथ्या दिवशी पुस्तक थकवलेल्या एका सभासदाला ते परत करा म्हणून फोन लावला. पलीकडे कुणी भलतेच गृहस्थ. म्हणाले, "अहो, मी सोलापुरात राहतो. मी कशाला तुमचं पुस्तक नेऊ?" दुसरा फोन लावला, तोही लागेना. मग मोबाइलचा कॉलम बघितला. ज्या ज्या नंबरात कुठेही 50 होतं तिथे 60 झालं होतं. सभासद क्रमांक १५० चा १६० झाला होता, आणि १६० क्रमांकाचा सभासद आधीच होता. 500 रुपये अनामत 600 झाली होती, म्हणजे कागदोपत्री वाचनालय लोकांचं देणं लागत होतं.

पेनड्राइव्हवर शनिवारची प्रत होती म्हणून निभावलं. त्या आठवड्यात आलेले सहा नवे सभासद अर्जांवरून पुन्हा भरले. त्या दिवसापासून 'रिप्लेस ऑल' आधी मी न चुकता 'फाइंड ऑल' दाबते आणि आलेली यादी वरपासून खालपर्यंत वाचते. यादी वाचवत नाही इतकी लांब असेल तर शोध चुकीचा लावलेला आहे असं समजते. आणि 'ऑल शीट्स' ही खूण बदलताना कधीच लावत नाही. आमच्याकडे प्रत्येक आर्थिक वर्षाचं वेगळं शीट आहे, जुन्या वर्षांचा हिशोब तपासून सही झालेला असतो, त्याला हात लावायचा नाही.

आता नावांच्या वेगवेगळ्या लेखनाकडे येते, कारण मराठी यादीत खरी गंमत तिथे आहे.

संगणक मराठी अक्षर आपल्यासारखं मोजत नाही. 'पाटील' आपल्याला तीन अक्षरी. लेन नावाचं लांबी सांगणारं सूत्र लावा, उत्तर येतं ५: प, काना, ट, दीर्घ वेलांटी, ल. काना-मात्रा-वेलांटी प्रत्येकी एक अक्षर. हे एकदा लक्षात आलं की प्रश्नचिन्ह फार उपयोगी पडतं. 'वाइल्डकार्ड्स' वर खूण करून 'पाट?ल' शोधा, पाटील आणि पाटिल दोन्ही येतात. 'कु?कर्णी' शोधा, कुलकर्णी आणि कुळकर्णी दोघेही हजर. (हे दोघे एकच कुटुंब आहेत की दोन, हे मात्र त्यांना विचारूनच ठरवा. आमच्याकडे एकाच घरातले दोन भाऊ वेगवेगळं लिहितात आणि दोघेही आपलंच बरोबर म्हणतात.)

'सिमिलॅरिटी सर्च' ही आणखी एक खूण आहे, जवळपासचं शोधणारी. तिच्या शेजारच्या बटणात किती अक्षरं बदलली, वाढली किंवा गळली तर चालेल ते आकडे द्यायचे असतात. मी बदलासाठी १ आणि बाकी दोन्हींसाठी ० ठेवते. लांब आडनावांना हे छान चालतं. छोट्या आडनावांवर दोन अक्षरांची सूट दिलीत तर राण्यांच्या रांगेत माने आणि दाणीही येऊन बसतात. वाइल्डकार्ड, रेग्युलर एक्स्प्रेशन्स आणि सिमिलॅरिटी यांतलं एका वेळी एकच चालतं.

'मॅच केस' सोडून द्या, देवनागरीत लहान-मोठी लिपी नाहीच. 'डायक्रिटिक सेन्सिटिव्ह' दिसत असेल तर ती खूण मी लावून ठेवते. अरबी-हिब्रूसारख्या लिप्यांतल्या वरखाली लावायच्या खुणांसाठी ती आहे, पण आपल्याकडे काना-मात्रा म्हणजे अक्षराचा जीवच, तिच्याकडे दुर्लक्ष करायला कुणाला सांगू नये.

सगळ्यात जास्त छळलं ते 'गोऱ्हे' या आडनावाने. पडद्यावर पाच गोऱ्हे दिसत होते, शोधले की तीनच सापडायचे. जागा काढल्या, खुणा तपासल्या, तरी तीनच. शेवटी लेन लावून बघितलं. तिघांची लांबी ६, दोघांची ७. हे आडव्या कोयरीसारखं जे अर्धं 'ऱ्' आपण लिहितो, ते कीबोर्डवर दोन रीतींनी उमटतं. एका रीतीत त्याचं स्वतःचं वेगळं अक्षर 'ऱ' आणि खाली हलंत. दुसऱ्या रीतीत साधा 'र', हलंत आणि त्यापुढे एक अदृश्य जोडणारं चिन्ह. दिसायला दोन्ही जुळी भावंडं, कॅल्कच्या लेखी दोन वेगळे शब्द. वऱ्हाडे, कऱ्हाडे, सगळ्यांची हीच कथा.

त्या अदृश्य चिन्हाचा क्रमांक ८२०५. युनिकॅर नावाच्या सूत्राला हा क्रमांक दिला की ते चिन्ह हाती येतं. मग शेजारच्या कॉलममध्ये सब्स्टिट्यूट हे अदलाबदलीचं सूत्र लावायचं: पहिल्या जागी मूळ सेल, दुसऱ्या जागी अवतरणात 'र्' आणि & चिन्हाने जोडलेला तो युनिकॅर, तिसऱ्या जागी अवतरणात 'ऱ्'. मधे तुमच्याकडे स्वल्पविराम चालतो की अर्धविराम ते आधीच्या एखाद्या चालत्या सूत्रात बघून घ्या. नुसतं ८२०५ पुसून टाकायचा मोह होतो, तो टाळा. ते पुसलं की 'र्' चा रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो आणि आडनावच बदलतं. आधी ही अदलाबदल, मग उरलेली अदृश्य चिन्हं काढा. सगळं झालं की पेस्ट स्पेशलने व्हॅल्यूज मूळ कॉलमवर.

अंकांचं लवकर आवरते. पत्त्यात कुणी 'गल्ली क्र. ५' लिहितं, कुणी 5. एक शोधलं तर दुसरं सापडत नाही. आम्ही ठरवून टाकलं, फाइलमध्ये सगळीकडे इंग्रजी अंक, मराठी अंक फक्त छापील अहवालात. जुन्या टंकात टाइप केलेल्या याद्या, पडद्यावर मराठी आणि टंक बदलला की इंग्रजी गिचमीड, त्यांच्यात मराठी शोधत बसू नका. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

एक खूण राहिली, 'सर्च इन'. तिथे फॉर्म्युलाज, व्हॅल्यूज आणि नोट्स (नव्या आवृत्तीत कॉमेंट्स) असे पर्याय असतात. सुरुवातीला फॉर्म्युलाज असतं. आमचा थकबाकीचा कॉलम सूत्राने निघतो. पडद्यावर 240 दिसतंय म्हणून 240 शोधलं तर सापडणार नाही, कारण सेलच्या आत वजाबाकी आहे, 240 नाही. 'व्हॅल्यूज' करा, सापडेल. तारीख किंवा रक्कम जशी दिसते तशीच शोधायची असेल तर सोबत 'फॉर्मॅटेड डिस्प्ले' लावा. आणि काम झालं की परत फॉर्म्युलाजवर आणा. या खिडकीत मागच्या वेळच्या खुणा तशाच बसलेल्या असतात. एक्सेलमध्येही 'मॅच एंटायर सेल कंटेंट्स' लावून ठेवलंत तर एक्सेल बंद होईपर्यंत ते तसंच राहतं. आमच्या कोषाध्यक्षांचा "बाई, फाइल बिघडली, काहीच सापडत नाही" असा फोन येतो तेव्हा मी आधी तेवढंच विचारते. दहातल्या आठ वेळा तेच असतं.

राण्यांना ४१ आमंत्रणं गेली. पण मी खुणांशी झटापट करत होते तोवर आमच्या मदतनीस मुलाने पहिल्या, ६३ च्या यादीवरून पाकिटं लिहायला घेतली होती आणि नऊच्या नऊ पुराण्यांची नावं सुंदर अक्षरात लिहून झाली होती. ती फाडायची कशाला? पाठवली. कार्यक्रमाला पुराणे सात आले, आणि त्यांतल्या एका आजींनी जाताना वर्षभराची वर्गणी भरली.